एक ब्रास माती

कुंजीलाल बिसेन बी. ए. झाला तेव्हा त्याच्या तळहाताला एकही घट्टा नव्हता. त्याच्या वडिलांना, ग्यानीरामांना, याचा अभिमान होता. घरी पाहुणा आला की ते मुलाचा हात धरून उलटा करत आणि म्हणत, "रेशीम आहे, रेशीम." पाहुणा हात पाही. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, जाऊन सहा वर्षं झाली होती, पण ऐंशी एकर धानाच्या बांध्या राहिल्या होत्या, आणि ऐंशी एकरवाला जे दाखवील ते पाहायची सवय गावाला होती.

साल १९५७. आदल्या वर्षी सगळा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता. दवनीवाड्यापासून दोन कोसांवरचं हे गाव मात्र होतं तिथेच होतं, आणि कुंजीलालला तिथून निघायचं होतं. बी. ए. झाल्याचा शीण त्याने वर्षभर घालवला होता. आता त्याला नागपूरला अर्थशास्त्रात एम. ए. करायचं होतं. एम. ए. झालं की प्राध्यापक व्हायचं. नाही झालं तर वडिलांसारखी छत्री घेऊन जन्मभर बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या वाकलेल्या पाठी पाहायच्या. त्याला त्या पाठींचं काही वाटत नव्हतं. त्याला उभं राहायचा कंटाळा होता.

मे महिन्याच्या सुरुवातीला कॉलेजचा छापील अर्ज आला. नाव, वय, पालक, गुण, चालचलनाचा दाखला. शेवटी एक ओळ नवी होती. अर्जदाराने किमान एक ब्रास मातीकाम श्रमदानाने स्वतः केल्याचा दाखला, कामावरच्या मुकादमाच्या सहीसह.

त्या वर्षांत श्रमदानाची हवा होती. पुढारी टोपलं उचलत, फोटो निघे, टोपलं खाली ठेवलं जाई. त्या कॉलेजच्या प्राचार्यांना वाटलं असावं, की ज्याने माती उचलली नाही त्याने मजुरीच्या दरावर बोलू नये. विचार वाईट नव्हता.

"दस्तखतच तर पाहिजे," ग्यानीराम म्हणाले. "बकाराम आपलाच माणूस. त्याच्या बापाने तीस वर्षं आपल्या बांध्या केल्या."

बकाराम मुकादम गावाच्या बोडीवर होता. बोडी म्हणजे लहान तलाव. मालगुजाराच्या काळात तिची मातीची पाळ दरसाल दुरुस्त होई, सरकारच्या काळात दरसाल तिची पाहणी होई. यंदा शेवटी मंजुरी आली होती. बोडीच्या कोरड्या पोटातली माती खणायची आणि पाळीवर टाकायची. चाळीस जोड्या लागल्या होत्या, नवरा खणणारा आणि बायको वाहणारी. बकाराम चौथी शिकलेला, पन्नाशीचा, सुक्या लाकडासारखा माणूस. हातात खुणा केलेली बांबूची काठी. त्याने लिहिलेलं माप ओव्हरसियर दुसऱ्यांदा मोजत नसे.

कुंजीलाल सायकलवर गेला आणि खाली न उतरता कागद पुढे केला. "बकाराम, इथे सही कर."

बकारामने कागद वाचला. चौथी शिकलेला माणूस कागद सावकाश वाचतो आणि पुरा वाचतो. "सही देतो, बाबू. माती कोठी हाय?"

"कोणती माती?"

"जिची सही पायजे, ते."

"अरे, एक ब्रास तर आहे."

"हो. लय नाई. इथं एक जोडी दिवसाले एक ब्रास काढते." त्याने कागद परत दिला. "उद्या येजो. जागा आखून देतो."

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल, एवढी माती म्हणजे एक ब्रास, शंभर घनफूट. दुसऱ्या दिवशी सकाळी बकारामने चुन्याने चौकोन आखला. एका बाजूला भोजराज आणि धुरपता या जोडीची जागा होती, दुसरीकडे आणखी एका जोडीची. चौकोनाच्या मधोमध त्याने हातभर घेराची जागा वेगळी आखली. "हे खणायची नाई. हे साक्षी हाय. बाजूची माती गेली का हा खांब उभा राह्यते. किती खोल गेलो ते यानंच समजते. याले हात नाई लावाचा."

हे सगळं ऐकायला कुंजीलाल नव्हता. त्याने घरगडी मंगरूला टिकास देऊन पाठवलं होतं. मंगरूने पहिला घाव घातला. दुसऱ्या घावाआधी बकारामने टिकास धरलं.

"मंगरू, पुरं नाव सांग. दाखला तुयाच नावानं देतो. एमेत तूच जाशीन."

धुरपता टोपलं घेऊन चालली होती, ती थांबून हसली. मंगरू घरी गेला आणि निरोप जसाच्या तसा दिला. ग्यानीराम म्हणाले, बकारामला मस्ती आली आहे. पण सही त्याचीच लागणार होती. त्यांनी मुलाला स्वतः जायला सांगितलं आणि डोक्याला बांधायला नवा टॉवेल दिला.

कुंजीलाल आला तो टॉवेल, बूट आणि एक पुस्तक घेऊन. पुस्तक विसाव्यात वाचायचं होतं, आणि विसावा पहिल्या दहा मिनिटांतच आला. टिकास मारायची एक रीत असते. हात उचलतो, पण घाव कमरेतून येतो, आणि खाली येताना टिकासाला त्याच्याच वजनाने येऊ द्यायचं असतं. कुंजीलाल त्याला खाली ढकलत होता. ढकललेलं टिकास मातीत कमी आणि मनगटात जास्त जातं. साडेनऊला तळहातावर फोड आला, दहाला फुटला.

"धुरपता," तो सावलीतून म्हणाला, "तुम्ही दोघं काम वाटून घेता ना, याला श्रमविभागणी म्हणतात. मोठ्या मोठ्या पुस्तकांत आहे. त्याने काम वाढतं."

"असन बाप्पा. मंग तुमी कोणतं वाटून घेतलं?"

"मी विचार करतोय, पद्धत कशी सुधारता येईल त्याचा."

"करा. मी टोपलं ठेवून येतो, तवर व्हईन."

ती पाळीवर जाऊन आली. एका दिवसात अशा दोनशे खेपा ती करी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपलं, आणि पंधरा फुटांचा चढ. कुंजीलालचा विचार तोपर्यंत झाला नव्हता.

असे दहा दिवस गेले. मधले दोन दिवस ताप होता, एक दिवस गोंदियाला काम निघालं. उरलेल्या दिवसांत तो आठला यायचा आणि दहाला उन्हाला दोष द्यायचा. दहाव्या दिवशी त्याची जागा साडेचार इंच खाली गेली होती. साडेसात इंच राहिले होते. अर्ज पोचवायची तारीख होती दहा जून, आणि जूनचे तीन दिवस गेले होते.

अकरा ते तीन सगळ्या जोड्या जांभळीखाली पडत. त्या दुपारी कुंजीलाल पडला नाही. त्याने साक्षीचा खांब नीट पाहिला. माप त्या खांबावरूनच धरतात, हे आता त्याला कळलं होतं. मग खड्डा खोल करण्यापेक्षा खांब उंच करणं सोपं होतं. विहिरीच्या पाटाकडून त्याने गवतासकट मातीची ढेकळं काढून आणली, ओली करून खांबावर एकावर एक बसवली, बाजूने थापली, वर गवत ठेवलं. पट्टीने मोजलं. बरोबर बारा इंच. या कामाला त्याला दीड तास लागला आणि मध्ये एकदाही विसावा लागला नाही. एवढा जोर त्याने त्या जागेवर आधी लावला असता तर अर्धा इंच माती निघाली असती.

तीनला जोड्या उठल्या. चारला त्याने बकारामला बोलावलं. या वेळी तो 'बकारामभाऊ' म्हणाला.

"भाऊ, झालं माझं. मोजून घ्या."

बकाराम आला. त्याने काठी लावली नाही. चौकोनाच्या कडेला उभा राहून नुसता पाहत राहिला. त्याच्या मागे धुरपता येऊन उभी राहिली.

"बाबू," ती म्हणाली, "आमच्या साक्षीवरचं गवत वाळून पापड झालं. तुमचं कसं हिरवंगार?"

"जमीन ओली असेल इथली."

"डोक्यावरची? न पायाखालची कोरडी?"

भोजराज तोंडाला पंचा लावून दुसरीकडे पाहू लागला. बकारामने हात वर करून सगळ्यांना बाजूला केलं. मग तो गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला आणि बोडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"इकडं बस, बाबू. एक डोळा मिटून पाय."

कुंजीलाल बसला. बोडीचं पोट आधी सपाट होतं. चाळीस जागा खणल्या, कोणी दोन फूट, कोणी तीन, पण चाळीस साक्षींची डोकी एका ओळीत होती, दोरी धरल्यासारखी, कारण ती जुन्या जमिनीचीच डोकी होती. एकेचाळिसावं डोकं त्या ओळीच्या वर साडेसात इंच निघालं होतं, हिरवा तुरा लावून. आणि शेजारच्या जागा खोल गेल्यामुळे कुंजीलालची जागा मध्ये उंच राहिली होती. तो खड्डा नव्हताच. ओटा होता.

दुसऱ्याच्या कामाकडे एकदा जरी पाहिलं असतं तर हे त्याला दिसलं असतं. तो आपल्याच खांबाकडे पाहत राहिला होता.

बकारामने काठीच्या टोकाने साक्षीला हलकं टोचलं. वरचा भाग गवतासकट उतरला आणि कुंजीलालच्या बुटावर पडला. मग काठी लावली. "साडेचार इंच. साडेसदतीस फूट." खिशातली पेन्सिल काढून त्याने तसं वहीत लिहिलं.

"काका," कुंजीलाल म्हणाला. बकाराम त्याचा काका व्हायला अकरा दिवस लागले होते. "काका, माझं वर्ष जाईल. तुमच्या एका सहीने होतं. सरकारचे पैसे नाहीत यात, कोणाचं नुकसान नाही."

"या चाळीस जोड्यायची रोजी माह्या काठीवर हाय. तुले साडेसात इंच फुकट देल्ले, तर उद्या भोजराज म्हणन, मले काऊन नाई? तवा मी काय सांगू?"

"मी शिकलेला माणूस आहे, हे सांगा."

"शिकल्यानं माती वर येते का गा?"

बकाराम उठला. "सहा दिवस हायेत. बूट काढ. टिकास ढकलू नोको, पडू दे."

त्या सहा दिवसांत कुंजीलालने काम केलं, हे मान्य केलं पाहिजे. पहाटे यायचा, अनवाणी. ताप आला नाही, गोंदियाला काम निघालं नाही. धुरपताने त्याला टोपलं भरायचं शिकवलं. आधी ढेकळं, वर भुगा, म्हणजे मान वाकडी होत नाही. शिकवताना बोलणं चालूच होतं. "तुमची बायको येईन तवा तिले सांगजा, टोपलं धुरपतानं शिकवलं. मांडवातलं जेवण मले पायजे." त्याने पुस्तक आणलं नाही. टिकास आता त्याच्या हातून आपोआप पडू लागलं, आणि पडण्यातला आवाज बदलला. भोजराजने तो आवाज ऐकून एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. कुंजीलालची कोणी केलेली तेवढीच तारीफ.

सहाव्या दिवशी दुपारी साडेदहा इंच झाले होते. दीड इंच उरला. संध्याकाळपर्यंत वेळ होता. दीड इंच म्हणजे साडेबारा फूट, आता त्याच्या हाताने पाच तासांचं काम. पण पाठ दुखत होती, अर्ज पोचवायला दुसऱ्या दिवशी गोंदियाहून गाडी होती, आणि घरी ग्यानीराम म्हणाले, "शंभरात साडेसत्त्याऐंशी म्हणजे फर्स्ट क्लास झाला." कुंजीलालला ते पटलं. तीन वाजता जोड्या पुन्हा कामाला लागल्या तेव्हा तो घरी पाय शेकत बसला होता.

बकारामने दाखला लिहून दिला. कुंजीलाल बिसेन यांनी स्वतः मातीकाम केले. माप साडेसत्त्याऐंशी घनफूट. खाली सही.

"शंभर लिहिलं असतं तर?" ग्यानीराम विचारायला आले होते.

"उरलेले मी खणू का, मालक?"

मालक परत गेले.

जूनच्या अखेरीस नागपूरला मुलाखत झाली. व्हरांड्यात पंधरा उमेदवार होते. सगळ्यांनी आपापले दाखले फाइलीत लावले होते आणि एकमेकांना दाखवत होते. एकाचा पाचशे ब्रासचा होता, पंधरा दिवसांचा, मोठ्या माणसाच्या सहीचा. सोबत फोटो. गळ्यात हार, हातात फावडं, आणि फावडं उलटं धरलेलं. त्याचा हात कुंजीलालने मुद्दाम हातात घेऊन पाहिला. रेशीम होता.

आत तीन प्राध्यापक बसले होते. मधल्याने फाइल उघडली. "साडेसत्त्याऐंशी? बाकीच्यांनी शेकड्यांनी ब्रास केलेत. तुम्हाला एक पुरा करता आला नाही?"

गप्प बसला असता तर कदाचित निभावलं असतं. पण सहा दिवस खरं काम केलं की ते माणसाच्या अंगात येतं.

"सर, एक जोडी दिवसाला एक ब्रास काढते. रोज मातीकाम करणारी जोडी. पाचशे ब्रास म्हणजे त्या जोडीचे पाचशे दिवस. बाहेर एकाने ते एकट्याने पंधरा दिवसांत केलेत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मधले मजुरीचे सिद्धान्त शिकवत. त्यांच्या नावावर पुस्तक होतं.

"दाखल्यावर जे असतं ते आम्ही धरतो," ते म्हणाले.

"माझ्याही दाखल्यावर आहे, सर."

"आहे ना. साडेसत्त्याऐंशी. हे शंभरापेक्षा कमी आहे."

वजाबाकी त्यांची बरोबर होती. पंधरवड्याने पोस्टकार्ड आलं, किमान अट पूर्ण न झाल्याने प्रवेश देता येत नाही. पाचशे ब्रासवाल्याला मिळाला.

कुंजीलाल पोस्टकार्ड घेऊन बकारामच्या दारात गेला. बकाराम काठीच्या खुणा चाकूने खोल करत बसला होता.

"साडेबारा फुटांसाठी माझं वर्ष गेलं."

"साडेबारा फूट तुयेच होते, बाबू. मी नाई ठेवले."

कुंजीलालने पोस्टकार्ड खिशात घातलं आणि विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात काम आहे का?"

"पाळीचं दुसरं टोक हाय."

ते वर्ष त्याने छत्री घेऊन धुऱ्यावर काढलं. आता त्याला पाठी दिसत. कोणती बाई रोवणीत पुढे आहे आणि कोणती नुसती वाकून आहे, हेही कळायला लागलं. त्याने बोलून दाखवलं तेव्हा बायकांनी त्याला चिखलात उतरायला सांगितलं. तो उतरला नाही. एवढा काही तो बदलला नव्हता.

१९५८ च्या मे महिन्यात बकारामने नवा चौकोन आखला, पाच फूट बाय अडीच फूट. खोली एक फूट. साडेबारा. जुना खड्डा गाळाने भरला होता, आणि गाळ बकाराम मोजत नसे. मध्ये मुठीएवढी साक्षी ठेवली. लोक पाहायला जमले, कारण एवढा लहान चौकोन बोडीवर कोणी पाहिला नव्हता. धुरपता म्हणाली, "हे मातीकाम व्हय का कोणाले मातीत पुराचं हाय?" कुंजीलाल हसला नाही. पहाटे पाचला सुरुवात केली, साडेदहाला संपवलं. खणलं त्याने, वाहिलंही त्याने. मग बाजूला होऊन गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला आणि साक्षीचं डोकं बाकीच्यांशी जुळतं का ते पाहिलं. बकारामने काठी लावली, अर्धा अंगुळ जास्तच होता. तो त्याने लिहिला नाही.

"साडेसत्त्याऐंशी न साडेबारा. पुरा एक ब्रास." सही केली.

जूनमध्ये कुंजीलाल अर्ज घेऊन स्वतः नागपूरला गेला. खिडकीवरच्या कारकुनाने कागद चाळले, दाखला सोडवून वेगळा काढला आणि परत सरकवला.

"हे यंदा नको. नवीन प्राचार्य आलेत. ती अट काढली. यंदा खेळाडूंना प्राधान्य आहे. काही खेळता का?"

"नाही. हे राहू द्या ना फाइलीत."

"फाइल उगाच जाड होते."

"मोजलेलं आहे हे," कुंजीलाल म्हणाला.

कारकुनाने पुढच्याचा अर्ज घेतला होता.

प्रवेश मिळाला. बी. ए. च्या गुणांवर मिळाला, जे गुण आदल्या वर्षीही तेवढेच होते. ग्यानीरामांनी दारात खाट टाकली, गोंदियाहून पेढे आणवले आणि आलेल्या-गेलेल्याला सांगू लागले की मुलाने श्रमदानाने गावाची अर्धी बोडी खणली, कॉलेजवाले थक्क झाले. पाहुणे पेढा खात होते आणि मान डोलवत होते. बकाराम आणि धुरपता बोडीवरून परतताना तिथे थांबले होते.

"अर्धी बोडी," ग्यानीराम पुन्हा म्हणाले आणि सवयीने मुलाचा हात धरून उलटा केला. आत चार घट्टे होते. त्यांनी हात सोडला.

"एक ब्रास, बाबूजी," कुंजीलाल म्हणाला.

ग्यानीरामांनी ऐकलं नाही असं दाखवलं. धुरपताने पेढा तोंडात टाकला, पदराला बोटं पुसली आणि चालता चालता म्हणाली, "तोबी दोन उन्हाळ्यात."